राजेश्वरी विजयसिंह यांची सगळी पुस्तकं

"हॅलो?... हां, बोला. कोण बोलतंय?"

शेळगावात सुकन्याची संध्याकाळची धार चालली होती. मान वाकडी करून फोन कान आणि खांद्यात धरलेला, दोन्ही हात गाईच्या कासेला. अशा वेळी फोन करणाऱ्याशी ती एरवीही धड बोलत नाही. आज तर पलीकडचं नाव ऐकलं आणि तिचे हातच थांबले.

"कोण?... परत सांग... राजेश्वरी विजयसिंह चोपडे? वडगाव निंबाळकरवरनं?... अगं बाई! मग मी कोण?"

चेष्टा नव्हती ही. वडगावच्या विजयसिंह चोपड्याच्या घरात याच नावानं तिनं संसार केला होता. लग्नात त्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'राजेश्वरी' लिहिलं, टाळ्या पडल्या, आणि सुकन्या हे नाव त्या दिवसापासून बंद झालं. फारकत झाली तेव्हा ती माहेरी आली आणि पुन्हा सुकन्या झाली. सोडून आलेलं नाव आज फोन करून बोलत होतं.

"कळलं, कळलं. दुसरी तू. त्यानं दुसरं लगीन केलं ते आलं होतं कानावर... पण तुलाबी तेच नाव?... ताटात? तांदळात?... लाल खड्याची अंगठी, एका बाजूला चेपलेली?... हां. तीच ती. मोडलीबी न्हाय मेल्यानं... ए, ताई म्हणू नगंस मला! तुझी माझी कुठली ताई?"

"का म्हणं पण? तेच नाव का?... बाजारात चालतंय म्हणून? असं म्हणाला तो?... वा रे पठ्ठ्या! बाळांच्या नावांचं आख्खं पुस्तक छापलंय त्यानं, आन नव्या बायकोला त्यातलं एक नाव न्हाय गावलं?"

खोटं नव्हतं त्यात काही. विजयसिंहाचा बारामतीत छापखाना. जत्रेत आणि एसटी स्टँडवर खपतील अशी पातळ पुस्तकं तो काढायचा. कोंबडीपालन, शेअर बाजार, फाडफाड इंग्रजी, योगासनं, घरगुती औषधं, बाळांची नावं. विषय छप्पन्न आणि लेखिका एक, राजेश्वरी विजयसिंह. मजकूर इकडून तिकडून गोळा करून जुळवायचा तो ऑपरेटर अबरार. आपण शेअर बाजारावर लिहिलंय हे सुकन्याला कळलं ते गठ्ठे घरी येऊन पडल्यावर. त्या सगळ्या ढिगात तिचं स्वतःचं पुस्तक एकच, 'गाय पान्हा का चोरते'. गाय दूध असून का सोडत नाही, यावरचं. तेवढं मात्र तिनं गोठ्यात बसून, ओळ न ओळ स्वतः लिहिलं होतं.

"नंबर कुणी दिला तुला?... अबरारनं? बघतेच त्याच्याकडं... बरं, ऱ्हाऊ दे. काम काय ते बोल पटकन. धार खोळंबलीय माझी."

"उद्या?... बारामतीत दूधवाल्या बायकांचा मेळावा. बरं, मग?... प्रकाशन? कशाचं?... गाईच्या पुस्तकाचं?"

आवाज चढला तशी गाईनं पाठ थरथरवली आणि पाय उचलला. सुकन्यानं बादली बाजूला ओढली.

"नवी आवृत्ती... मला न विचारता?... आन मागं फोटो? कुणाचा फोटो?... नीट बोल गं, तोंडातल्या तोंडात काय बोलतीस?... तुझा? माझ्या पुस्तकावर तुझा फोटो?... अगं, धार काढलीस का जन्मात?... न्हाय ना? माहेर कुठलं तुझं?... इंदापूर. बाजारपेठेत. म्हणजे पिशवीतलं दूध. आन गाईच्या पुस्तकावर पदर सावरून तू बसणार!"

"रडू नगंस. रडणं ऐकायला मी फोन न्हाय घेतला... काय? काय म्हणाला तो?... पैलीनं एक ओळ लिवली न्हाय? सगळी अबरारनंच लिवली?... हे बी? गाईचं बी?"

हे मात्र तिच्या जिव्हारी लागलं. बाकीच्या पुस्तकांवरनं माझं नाव काढ, म्हणून ती त्या घरात कितीदा भांडली होती. पण हे एक पुस्तक तिचं होतं. चोपड्यांच्या घरातनं निघाली तेव्हा पुस्तक तरी आपलं राहील असं तिला वाटलं होतं. आता तेही जाणार, आणि वर तो म्हणणार की तिचं नव्हतंच. तिनं फोन खांद्यावरून काढला, पदरानं कपाळ पुसलं आणि फोन पुन्हा कानाशी धरला.

"...हाय हाय. लाईनवरच हाय मी. तू ऐक आता. बघू तुला किती गोड लागतंय माझं नाव. लोणी भापकरच्या छबूबाई हायेत. ते घरगुती औषधांचं पुस्तक घेऊन एक दिवस दारात उभ्या राहिल्या. पुस्तकात होतं म्हणून नातवाच्या कानात कढत तेल घातलं त्यांनी... व्हय, कान गेला पोराचा. गेला म्हणजे गेला. मला म्हणाल्या, बाई, तुमीच लिवलंय न्हवं? काय सांगू मी? वर नाव माझंच! आन ह्यो आतनं म्हणतोय, बाईंना चहा टाक. चहा! त्याच दिवशी बॅग भरली मी... काय म्हणालीस?"

"ते परत छापलं?... तसंच? तेलासकट?... आन त्याच्यावर बी तुझाच फोटो?"

पुढची छबूबाई कुणाच्या दारात जाणार हे सुकन्याला स्वच्छ दिसलं. पोरीची कीव आली असं कुणी समजू नये. राग तसूभर कमी झाला नव्हता. फक्त इतका वेळ तो चुकीच्या माणसावर निघत होता, एवढं तिच्या ध्यानात आलं.

"ऐकतीयास का? ते पुस्तक पैलं बंद करायला लाव. सांग त्याला... भ्या वाटतं? मग माझ्याशी बोलायला कसं भ्या वाटलं न्हाय?... बरं बरं. तू फोन कशाला केला होतास ते तरी सांग."

"विचार की... छकुली? व्हय, माझी गाय. माहेरची. येताना घेऊनच आले. ही काय, हाताखाली उभी हाय... कुठलं पान?... वाच बरं."

पलीकडून पोर अडखळत वाचत गेली आणि सुकन्या आपलेच शब्द ऐकत राहिली. त्या पानावर होतं ते असं. छकुली गुणाची गाय. पण घरातला एक माणूस गोठ्याच्या दारात आला, नुसता खाकरला, तरी ती पान्हा चोरायची. बादली कोरडी. तो माणूस गेला, आवाज थांबला, की तिच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि वाट बघायची, मग दूध यायचं. गाईला चारा कमी पडला असं लोक म्हणतात. चारा भरपूर होता. गाय भ्यायली होती.

"हां. बास... उद्या बायका विचारतील, की ह्यो माणूस कोण? विचारणारच... मला काय विचारतीस? त्याच्याच घरात ऱ्हातीस ना तू?... वळखला का?... तुझ्यावर बी असाच वरडतो?"

पलीकडून दबका होकार आला आणि सुकन्याला हसू आलं. हसू चांगलं नव्हतं.

"अगं, वाचलंच न्हाय त्यानं! वाचलं असतं तर छापलं असतं का? जन्मात एक पुस्तक वाचलं न्हाय त्या माणसानं. जाडी बघायची आन किंमत टाकायची, एवढंच येतंय त्याला."

"आता मी सांगते ते कर. उद्या माइक तुझ्या हातात देतील. भाषण-बिषण काय करू नगंस. हे पान उघडायचं आन मोठ्यांदा वाचायचं... व्हय, तो शेजारी बसलेला असताना! त्यासाठीच तर!... वाचून झालं की म्हणायचं, हे मी लिवलेलं न्हाय, लिवणारी ही पुढं बसलीय... मी. मी येणार की! पैल्या रांगेत बसते... न्हाय, भांडायला न्हाय... आन भांडायला का न्हाय? भांडायलाच येतीय!"

"जमणार न्हाय म्हणतीस? बरं. मग मी उठून तोंडपाठ म्हणते सगळं पान. आन तवा त्याच्यासंगट तुझीबी गय करणार न्हाय, सांगून ठेवते... चोरीचं पुस्तक मांडीवर घेऊन बसलीस तर चोरच म्हणणार मी तुला, सगळ्या बायकांसमोर... हां. इचार कर. रातभर कर."

"आन थांब. नाव काय तुझं?... ते न्हवं गं! ते त्याचं झालं. आईनं ठेवलेलं सांग... ऐकू येत न्हाय. मोठ्यांदा बोल, आपलंच नाव हाय, उसनं न्हाय आणलं... स्वराली?... चांगलं हाय की! एवढं चांगलं नाव टाकून दिलंस?... न्हाय, मी राजेश्वरी न्हवं. सुकन्या. उद्या माइकवर दोन्ही नावं नीट सांगायची. सुकन्या, आन स्वराली..."

"काय झालं?... कोण आलं?... स्वराली? अगं, फोन ठेवू नगंस... हॅलो?... हॅलो?"

पलीकडून कुणीतरी खाकरलं. फोन हातातून ओढून घेतल्याचा आवाज आला आणि मग असा काही आरडाओरडा सुरू झाला की खांद्यावरचा फोन सुकन्याला कानापासून लांब धरावा लागला. छकुलीनं कान टवकारले, शेपटी आपटली. सुकन्यानं एका हातानं कास चाचपली. सड कोरडे पडले होते.

"...कोण पायजे?... कोण राजेश्वरी?... न्हाय बाबा, हितं कुणी राजेश्वरी न्हाय... आन आता तितंबी न्हाय, बघ जरा नीट, तुझ्यापुढं कोण उभं हाय ते... वरडू नगं. ऐकू येतंय मला. गाईलाबी येतंय... उद्या बोल काय बोलायचं ते, बारामतीत, माइकसमोर. आत्ता ठेव फोन. छकुलीनं पान्हा चोरलाय."