अर्जावरची पहिली सही

मूल या तालुक्याच्या गावी, बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. एक वकीलबाई, दुसरी जवळच्याच गावची कुंताबाई.

"कुंताबाई, कोर्टाचा आदेश आला! गावची शाळा चौथीपर्यंतच असली, तरी आता पोरींना मूलच्या कोणत्याही शाळेत जाता येईल. बससुद्धा मिळेल."

"बरं झालं, बाई. दोन वर्षं झाले, आपुन फिरूनच राह्यलो."

"अर्जावर पहिली सही तुमचीच होती. तुमच्या दामिनीचं नाव आजच घालू. कोणती शाळा हवी तिला?"

"दामिनी इथी नाई, बाई. मावशीसंगं तेलंगणात मिरची तोडाले गेली."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगतलं असतं, तं बाकीच्या बाया म्हणाल्या असत्या, मंग आपुन काऊन थांबाचं? आपल्याबी पोरी धाडू."

"बोलवून घ्या तिला. शाळेत मी बोलते."

"काल फोनवर तेच म्हटलं मी. म्हणे, आई, आता एवढ्या लहान पोरींसंगं बसाची मले लाज वाटते."

"मग?"

"मंग काई नाई. तुम्ही आचलचं नाव लिहा. आमच्या शेजारची हाय. चौथी झाली तिची. तिची मायबी आता तिले मिरचीलेच धाडतो म्हणते."