सनई उडाली, आत्या राहिली

मी लहानसहान गोष्टीला दचकते हे तुम्हाला माहीत आहेच, पण त्या दिवशी चूक आईची होती.

ताईच्या लग्नाच्या व्हिडिओत आवाजाचे दोन ट्रॅक होते. एकात नुसती सनई, दुसऱ्यात मांडवातलं खरं बोलणं. त्यात विहिणींच्या पंगतीपाशी आमची आत्या म्हणत होती, "यांनी काय आठवडाभर उपास धरलेला का?" मी तिथपर्यंतच ऐकलं आणि घाईघाईने बंद केलं. ताईच्या सासूबाई त्यांच्या गावाहून, चांदीपहून, खास व्हिडिओ बघायला येणार होत्या. तो ट्रॅक काढून टाकायचं काम माझं.

मी कॉम्प्युटरवर ट्रॅक निवडत होते, तेवढ्यात आई मागून ओरडली, "अगं, आल्या त्या!" मी दचकले, बोट भलतीकडे पडलं आणि सनईच कायमची उडाली.

व्हिडिओ सुरू झाला. सासूबाई खूश. "बरा झाला, सगल्यांचा बोलना ऐकू येतंय!"

मग पंगत आली. आत्याचं वाक्य खणखणीत वाजलं. ताईचा संसार आता संपला, असंच मला वाटलं.

सासूबाई ताडकन उठल्या. "बंद कर गो ते!"

"सॉरी मावशी," मी म्हणाले, "आत्याला तसं म्हणायचं नव्हतं..."

"तिचा ऱ्हाऊ दे! त्या व्हिडिओत आता मी बोलनार हाय!"