मिरच्यांची धुनी

सावली गावच्या दवाखान्यात रांगेतल्या कमळाबाईची पाठ मागं उभ्या असलेल्या नवरा-बायकोकडे होती, कान मात्र तिथंच.

“पाळी जायचं वय माहं. अंगात आग उठते, राग आवरत नाई. अन् तुमी मले पुजाऱ्याच्या मिरच्यांच्या धुनीत कोंडलं!”

“हळू बोल, मनकर्णा. तुले ठसका नाई लागला. ठसका नाई म्हंजे अंगात भूतच, पुजारी म्हने.”

“तीस वर्सं तुमच्या घरच्या मिरच्या कांडून राह्यली मी. मले कायचा ठसका लागते?”

“डाक्टरीन सुई टोचन. त्यापरीस अमावसेले आनखी एक धुनी घेऊ.”

“मी डाक्टरीनबाईलेच दाखवीन. अन् धुनी घ्याचीच असन, त अंदर तुमी बसा. कडी मी लावीन.”