नाश! नाश!

रशियन पुढाऱ्यांचा विषय निघालाच आहे यार, तर आमच्या बाबांचं ऐका. दोन हजार सहाच्या हिवाळ्यात ते अमेरिकेत नेपरव्हिलला आमच्याकडे आले होते. बाहेर बर्फ, त्यात मी ऑफिसला, म्हणून जाम कंटाळलेले. एकच मित्र मिळाला, शेजारचे रशियन आजोबा, व्हिक्टर. दोघं त्यांच्याकडे बसून रशियन चॅनेल बघायचे.

एक दिवस बाबा तणतणत घरी आले. "त्या माणसाकडे मी परत जाणार नाही! टीव्हीवर एक पुढारी टेबल बडवून 'नाश! नाश!' ओरडत होता आणि हा टाळ्या पिटत होता!"

म्हटलं, झालं, होता तो मित्रही गेला. मी लगेच व्हिक्टरना बोलावून विचारलं. ते पोट धरून हसले आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "आमच्या भाषेत नाश म्हणजे आमचं! तो म्हणतो, पूर्वी अमेरिकेला विकलेलं अलास्का आमचं. किती वर्षं हेच ओरडतोय. अलास्का मिळालं नाही, पण टीव्हीवर रोज दिसतो आणि दर वेळी निवडून येतो. सर्कशीला टाळ्या नको वाजवू?"

मी हे मराठीत सांगताच बाबा खुलले. "असं होय! असले आमच्याकडेही ढिगाने आहेत." खुशीत त्यांनी पुण्याहून आणलेला बाकरवडीचा डबा पुढे केला.

व्हिक्टरनी एक खाल्ली, डबा छातीशी धरला आणि गरजले, "नाश!"

दहा मिनिटांत डबा रिकामा. बाबा मला म्हणाले, "आमचं म्हण नाहीतर नाश म्हण, शेवट एकच रे."