साखळीवाल्यांचं स्मारक आणि आमचा ओटा

नाही हो, स्मारकाचा राग नाहीच मला, तुम्हाला सांगते, राग आहे तो मोजमापाचा... ह्या कुंभकोणमात चार पावलं टाकली की देवळाचं गोपूर, तिथे आणखी एक स्मारक हवं होतं कुणाला? तर आमच्या ह्यांना. रघुनंदनराव, तालुका कचेरीतले निवृत्त मोजणीदार, छत्तीस वर्षं लोकांच्या हद्दी मोजल्या आणि घरी भात जास्त वाढला तरी म्हणायचे, "सीतालक्ष्मी, माप म्हणजे माप."

ह्यांच्या मनानं घेतलं, देशाचा नकाशा झाला, त्यावर नावं इंग्रज साहेबांची. पण उन्हातान्हात मोजणीची लोखंडी साखळी ओढत, काटे तुडवत, नद्या ओलांडत गेले, तापानं मेले, ते कुठेत? ह्यांचे खापरपणजोबा त्यांतलेच.

दोन वर्षं अर्ज केले, शेवटी आमच्याच घराला लागून रस्त्याकडेची जागा मिळाली. मी म्हटलं, सुटले. पण हे म्हणतात, "मोजणीवाल्यांचं स्मारक आणि न मोजता?" आणि आपणहून मोजणी मागवली!

आली सहाना. ह्यांच्याच हाताखाली शिकलेली, पण साखळी-बिखळी काही नाही, तिपाईवर यंत्र. त्यात बघता बघता पोरीचा चेहरा उतरला. "सार, स्मारकाची जागा बरोबर आहे. पण तुमचा ओटा दोन फूट रस्त्यात येतोय..." मग हळूच, "मी लिहीत नाही, सार."

तुम्हीच सांगा, शहाण्या माणसानं काय केलं असतं? हे म्हणाले, "लिही."

अहो, चाळीस वर्षं त्या ओट्यावर बसून मी वाती वळल्या, शेजारच्या भवानीशी बोलले... तर म्हणे, "माप म्हणजे माप." दुसऱ्या दिवशी स्वतः पहार घेतली, एक घाव घातला आणि पहार खाली टेकवली. माझ्याकडे बघून म्हणतात, "तुला विचारायला हवं होतं." आता त्या तोंडाकडे बघून भांडायचं तरी कसं? म्हटलं, लिहून झालंय ना, मग फोडा.

उभं राहिलं स्मारक. दोन दगडी माणसं, साखळी ओढताहेत. आणि ओटा गेला म्हणून त्यांच्या पायाशी, चौथऱ्यावर, रोज संध्याकाळी मी नि भवानी. परवा इथल्या जवळच्या तिरुभुवनमला रेशमी साड्या घ्यायला आलेली पुण्याची मंडळी थांबली, एकीनं फोटो काढला आणि आम्हाला वाकून नमस्कार करून विचारते, "तुम्हीही साखळी ओढायचात का?"

भवानी कानात म्हणाली, "उठूया का ग?"

म्हटलं, बस. उठून जायचं कुठे?