राणी, शिडी आणि पकड

दाताच्या दवाखान्यात शिंपीणबाई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. नंबर यायच्या आत सटकावं म्हणून त्यांनी पिशवी खांद्याला लावलीच होती, तेवढ्यात शेजारी मायलेकींची शाळा भरली. लेकीने चिठ्ठ्यांचा डबा उघडला.

"आई, काढ तीन शब्द."

"इथे कसली शाळा? आज सुट्टी."

"घरच्या शाळेला सुट्टी नसते, असं तूच म्हणतेस."

"बरं बाई. राणी... शिडी... पकड! ही तू मुद्दाम घातलीस."

"नाही गं. आता गोष्ट सांग. तिन्ही शब्द आले पाहिजेत."

"एक राणी होती. तिची दाढ ठणकत होती. ती शिडी चढून राक्षसाकडे गेली. त्याच्या हातात ही एवढी पकड! राणी जी पळत सुटली, ती थेट घरी. संपली गोष्ट."

"चालणार नाही. अडचण आली की पळून जायचं नाही, हा नियम कुणाचा?"

"माझाच."

"माझ्या गोष्टीत कुणी पळालं की तू मला ती पुन्हा लिहायला लावतेस."

"मग राणीने करावं तरी काय, मास्तरीणबाई?"

"मोठ्ठा आ करावा. बाकी राक्षस बघून घेईल."

आतून आईच्या नंबराचा पुकारा झाला.

"चल, उद्या येऊ."

"आई!"

"जाते गं, जाते. मीच शिकवलं आणि माझ्यावरच उलटलं!"

दार लागलं. शिंपीणबाईंनी पिशवी हळूच खाली ठेवली.

"ए पोरी, मलाही काढू दे तीन. फक्त ती पकड नको हं."

"असं निवडून मिळत नाही, मावशी."