दादाच्या कॅराव्हॅनचा तोल

आमच्या दादाची गंमत सांगतो. फौजेतनं रिटायर झाल्यावर त्यानं जीपमागं जोडायची कॅराव्हॅन घेतली, आन् आमाला पाचगणीला नेलं. जागा उताराची. दादा चाकाखाली फरशा सरकवतोय, वहिनी आत तोल बघायला ताटात पाणी घिऊन बसलेल्या.

"कुठं सांडतंय?"

"खिडकीकडं!"

दादानं तिकडं फरशी घातली.

"आता?"

"आता दाराकडं!"

तासभर ह्येच. शेवटी मी आत डोकावलो. वहिनी म्हणाल्या, "खिडकीत ऊन लागतंय भावजी, म्हणून दाराशी सरकते; तिथं वारं झोंबलं की परत खिडकीशी."

वहिनींच्या वजनाचं नाव काढायची फौजी माणसाची बी छाती झाली न्हाई. दादा हळूच म्हणाला, "दमली असशील. आता मधी बस, अजिबात हलू नकोस."

"इतक्या वर्षांत पैल्यांदा काळजी केलीत की!" म्हणत वहिनी दोन दिवस तिथंच बसल्या. सैपाक दादानं केला.